स्मॅश अल्टिमेटमधली वारिओवेअरची स्टेज: नशीब का डोकं? रूमवर भांडण झालंय

हॉस्टेलचा_गॅनन

मंडळी जरा निकाल लावा. आमच्या रूमवर एकाकडे निन्टेन्डो स्विच आहे आणि मेस झाली की रोज रात्री सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट हा हाणामारीचा गेम चालू असतो, चौघं जण, तीन स्टॉक (म्हणजे जीव), जो आधी बाहेर तो सकाळी सगळ्यांना चहा पाजणार. सगळं छान चालतं, फक्त रँडममध्ये वारिओवेअरची (निन्टेन्डोच्याच दुसऱ्या एका गेमवरून घेतलेली) स्टेज, म्हणजे लढायची जागा, आली की बोंब. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, एक खोली आहे, चार छोटे प्लॅटफॉर्म, तुम्ही आपली हाणामारी करताय आणि अचानक लिफ्टचं दार उघडावं तसं समोरचं उघडतं, सगळी जागाच बदलते, स्क्रीनवर एक हुकूम येतो आणि काही सेकंदांत तो पाळायचा. हलू नका. फुगे फोडा. पुतळा फोडा. वरून भलामोठा पाय येतोय तो चुकवा. टाँट करा, म्हणजे समोरच्याला खिजवायची पोझ द्या. जमलं तर बक्षीस, म्हणजे कधी मश्रूम खाल्ल्यासारखं मोठं व्हायचं, कधी स्टार लागून थोडा वेळ कुणी तुमचं काही करूच शकत नाही.

काल शेवटचा स्टॉक, मी चाळीस टक्के डॅमेजवर, समोरचा शंभरच्या पुढे (टक्के जितके जास्त तितका माणूस लांब उडतो), म्हणजे एक नीट स्मॅश बसला की विषय संपला. मी त्याच्यावर उडी घेतलेली आणि तेवढ्यात टाँटचा हुकूम. हा पठ्ठ्या खाली उभा राहून आरामात टाँट करतोय, मी हवेत बटण दाबतोय दाबतोय काहीच होत नाही, तो झाला मोठा आणि एका फटक्यात मी बाहेर. आता रूमवर दोन पार्ट्या आहेत, एक म्हणते ही स्टेज निव्वळ लॉटरी आहे काढून टाका, दुसरी म्हणते तुला येत नाही म्हणून रडतोस. मला तीन गोष्टी कळायला हव्यात. बक्षीस पहिल्यालाच मिळतं का सगळ्यांना? हे मध्ये येणारे गेम बंद करून नुसती स्टेज ठेवता येते का? आणि मुळात याच्यात स्किल नावाचा प्रकार आहे का रे?

टिल्ट_मास्तर

पहिलं उत्तर सोपं, हुकूम जो जो पाळेल त्याला मिळतं, चौघांनी पाळला तर चौघं जिंकले. म्हणजे ही शर्यत नाहीये. लोक नेमकं इथेच चुकतात, हुकूम आला की समोरच्याला सोडून आपलं काम करायला धावतात.

आता तुझं कालचं. स्मॅशमध्ये टाँट जमिनीवरच होतं, हवेत तू बटण तोडलंस तरी होणार नाही. त्यामुळे त्या स्टेजवर उगाच उड्या मारत बसणारा माणूस टाँटच्या हुकमाला कायम उशीर करणार, आधी खाली ये, मग दाब. तुझ्या मित्राला हे माहीत होतं का तो नुसता नशिबाने खाली होता ते त्यालाच विचार, पण ज्याला माहीत असतं तो दार उघडताना पाय टेकवूनच असतो. याला मी तरी लॉटरी म्हणणार नाही.

आणि दुसरी गोष्ट जी कुणी करत नाही, ती म्हणजे दुसऱ्याला पाळू न देणं. समोरचा टाँट करायच्या बेतात आहे ना, त्याला एक साधा जॅब (हलका ठोसा) घाल, गेलं त्याचं टाँट. तू नाही जिंकलास पण तोही नाही जिंकला आणि तू चाळीसवर तो शंभरवर हे गणित होतं तसंच राहिलं. तुला काल बक्षिसाची गरजच नव्हती रे, गरज त्याला होती. पुढे असलेल्याने बिघडवायचं आणि मागे असलेल्याने पाळायचं, मी तरी असंच खेळतो.

बंदी_घाला

टिल्ट मास्तर सगळं बरोबर बोलतायत पण एक गोष्ट सोयीस्कर विसरतायत. हुकूम सगळ्यांना सारखा आहे हे खरं पण सगळे सारखे कुठे आहेत? फुगे फोडायचे असतील तर कर्बीला हवेत पाच उड्या, जिगलीपफला पाच उड्या, आणि प्रश्नकर्त्याच्या नावावरून दिसतंय की हा गॅनॉनडॉर्फ खेळतो, त्याचा रनिंग स्पीड म्हणजे सरकारी कामाची फाइल. वरून पाय येणार, गाडी अंगावर येणार, बाण येणार, यात मोठं आणि संथ कॅरेक्टर मार खाणारच.

आणि माझा खरा आक्षेप बक्षिसाच्या आकारावर आहे. काही सेकंदांचं काम, आणि त्याचं फळ काय तर अख्खा स्टॉक? तीन मिनिटं मी स्पेसिंग करून (अंतर राखून), शील्ड म्हणजे ढाल सांभाळून त्याला शंभरवर नेला, त्याची किंमत शून्य? काम केवढं फळ केवढं याला काही हिशोब हवा की नको. म्हणूनच टूर्नामेंटवाले ब्रॉलपासून या स्टेजला उभं करत नाहीत. ब्रॉल म्हणजे 2008 चा वी (Wii) कन्सोलवरचा स्मॅश गेम, ही स्टेज पहिल्यांदा तिथेच आली, आणि त्याच गेममध्ये पळताना कॅरेक्टर आपोआप पाय घसरून पडायचं, आठवतंय ना, ट्रिपिंग? स्मॅश बनवणाऱ्या साकुराईसाहेबांच्या डोक्यात तेव्हा रँडम हेच होतं. पुढच्या गेममध्ये ट्रिपिंग काढलं, ही मात्र ठेवली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: येते ठेवता. अल्टिमेटमध्ये रूल्समध्ये स्टेज हॅझर्ड्स (स्टेजवरच्या अडचणी) चालू-बंद करायचं एक बटण आहे, ते बंद केलं की दार उघडतच नाही, नुसती खोली आणि चार प्लॅटफॉर्म राहतात. खेळायला बरी आहे तशी, फक्त जागा कमी. किंवा स्टेज निवडताना तिचं ओमेगा रूप घे म्हणजे फायनल डेस्टिनेशन या स्टेजसारखं सपाट, मागे चित्र वारिओवेअरचंच. मी असतो तर दार कायमचं बंद केलं असतं.

डायमंड_सिटीची_पोरगी

दार बंद केलं तर ती स्टेज उरतेच कुठे मग 😄 ते दारच तर सगळं आहे.

थोडं मागचं सांगते कारण इथे बहुतेकांनी स्मॅशमधूनच वारिओ पाहिलेला दिसतोय. गेमबॉय अॅडव्हान्सवर 2003 मध्ये पहिला वारिओवेअर आला, निन्टेन्डोच्या आर अँड डी वन टीमचा. वारिओला टीव्हीवर कळतं की गेम विकून बक्कळ पैसा मिळतो, मग हा गडी कंपनी काढतो आणि मित्रमंडळींना जुंपतो, प्रत्येकाने फटाफट काहीतरी करून द्यायचं. त्यातून दोनशेच्या वर मायक्रोगेम, एकेक पाचेक सेकंदांचा. वारिओच्या भागात दोन गेमच्या मध्ये लिफ्ट दिसते, दार उघडलं की पुढचा गेम. स्मॅशची स्टेज म्हणजे तीच लिफ्ट, आणि मागे उघडणारे बरेच गेमही तिथलेच.

आणि ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. निन्टेन्डो 64 ला जोडायचं 64डीडी नावाचं एक डिस्क यंत्र जपानात आलेलं, फारसं चाललं नाही. त्यावर 2000 मध्ये पॉलिगॉन स्टुडिओ नावाचं मारिओ आर्टिस्ट मालिकेतलं सॉफ्टवेअर आलं, थ्रीडी मॉडेल बनवायचं, आणि त्याच्यातच साउंड बॉम्बर म्हणून एक छोटा प्रकार होता, झटपट खेळ एकामागून एक. तिथून पुढे वारिओवेअर.

आता मुद्द्याचं. वारिओवेअरमध्ये मजा कशात आहे तर काय करायचं ते कुणी शिकवत नाही, एक शब्द येतो आणि पुढचं तुमचं तुम्ही ओळखायचं, आणि तुम्ही ओळखेपर्यंत वेळ संपत आलेली असते. पण तिथे तुम्ही मोकळे असता, दुसरं काही काम नसतं. स्मॅशमध्ये तोच शब्द तुम्हाला मारामारी चालू असताना येतो. मला वाटतं ज्याने कुणी ही स्टेज बनवली त्याला हेच हवं होतं, की तुम्ही ठरवा आत्ता हातातलं काम सोडायचं का नाही. बंदी घालाभाऊ म्हणतात काम छोटं फळ मोठं. पण त्या काही सेकंदांत पाठीमागून कुणीतरी तुम्हाला बाहेर फेकू शकतं ही किंमत त्यांनी धरलीच नाही. टाँट करताना माणूस उघडा असतो.

नागपूरचा_संत्रा

काय बे एवढा अभ्यास 😂 आमच्याकडे नियम एकच, "हलू नका" आलं की जो हलला त्याने समोसे आणायचे, बक्षीस मिळो न मिळो.

पण सिरियसली, हलू नकावाला मला सगळ्यात भारी वाटतो. बाकी सगळ्यात काहीतरी करायचंय, इथे हात बांधून बसायचंय, आणि समोर शंभर टक्क्याचा माणूस उभा आहे, हात शिवशिवतात बे. मारायला गेलो तर मी हललो, म्हणजे माझं गेलं, पण फटका बसला तर त्याचंही गेलं. चौघं असले की तर धमाल, तिघं शहाण्यासारखे उभे आणि चौथा, ज्याला माहीत आहे की आपण तसेही हरणारच आहोत, तो सगळ्यांचं वाटोळं करून टाकतो. आमच्यातला एक तर दर वेळी चौथाच असतो.

स्टारवाल्याचं सोपं आहे, त्याच्याशी भांडायचं नाही, पळायचं. उड्या मारत राहा, लेजला म्हणजे कडेला जा, वरच्या प्लॅटफॉर्मवर जा, चमक गेली की मग ये. लोक स्टार लागलेल्यालाच मारायला जातात आणि मग म्हणतात स्टेज बेकार. मोठा झालेला मात्र तसा नाही, त्याला लागतं, आणि मोठा असल्यामुळे काही फेकलं तरी लागतंच, फक्त जवळ जाऊ नको कारण त्याचा एक फटका म्हणजे बसचं तिकीट.

दोन_मुलांची_आई

आम्ही न्यू जर्सीत असतो, मी गेमर वगैरे नाही, मुलांमुळे शिकले, त्यामुळे चुकत असेन तर सांगा. मला उलट ही एकच स्टेज आवडते कारण बाकी सगळीकडे माझा मोठा मुलगा मला एका मिनिटात संपवतो. त्याला सगळे कॉम्बो येतात, मला एक बी बटण येतं. पण दार उघडलं की तो आणि मी सारखेच, त्यालाही काय येणार माहीत नाही मलाही नाही. एकदा मी जिंकले तेव्हा धाकटा सोफ्यावर उभा राहून नाचला.

तर अहो बंदी घाला, तुम्ही स्पर्धेचं म्हणताय ते मान्य, पण घरात सगळेच काही स्पर्धेला बसलेले नसतात.

बंदी_घाला

ताई तुमच्याकडे ती चालू ठेवायलाच हवी, मी काही म्हणत नाही. माझं म्हणणं चहाच्या पैजेपुरतं आहे, पैज लागली की ती स्पर्धा झाली. आणि पोरगी म्हणतेय ते उघडं राहण्याचं, ते दोघांच्या मॅचमध्ये खरं आहे. चौघांत काय होतं, दोघं एकमेकांना धरून बसलेले, तिसरा कोपऱ्यात एकटा, त्याला कुणी अडवायलाच नाही, तो फुकटात मोठा होतो. म्हणजे बक्षीस कुणाला, तर जो भांडणापासून लांब राहिला त्याला. भांडणाच्या गेममध्ये!

टिल्ट_मास्तर

हा मुद्दा मात्र पटला. चौघांत कोपऱ्यातला माणूस खरंच फुकट खातो. पण मग कोपऱ्यातल्यावर लक्ष ठेवणं हेही खेळणंच झालं ना, वारिओ घेऊन कोपऱ्यात बसणारा तर डबल डेंजर, त्याचा तो पादायचा मूव्ह पूर्ण भरायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात, तो वेळच काढत असतो, आणि वरून मश्रूम मिळालं तर मग देवच वाली.

हॉस्टेलचा_गॅनन

सगळ्यांचे आभार, रूमवर मोठ्याने वाचून दाखवलं. निघालं असं की तो पठ्ठ्या मुद्दामच खाली उभा होता, त्याला टाँट जमिनीवरच होतं हे आधीपासून माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही, यावर वेगळं भांडण झालं. तडजोड अशी ठरली की पैजेच्या मॅचला हॅझर्ड्स बंद आणि शनिवारी रात्री चालू.

आता एक अडचण, हॅझर्ड्स बंद केले तर पोकेमॉन स्टेडियम 2 ही स्टेज पण बदलायची थांबली, ती तर आम्हाला बदलणारी आवडते. आणि रूमवर दोघं आडवा जॉय-कॉन (स्विचचा छोटा कंट्रोलर) धरून खेळतात, त्यांना टाँट कुठल्या बटणावर आहे तेच सापडत नाहीये, ही पण तक्रार आहे की शनिवारी त्यांच्यावर अन्याय होणार.

डायमंड_सिटीची_पोरगी

हॅझर्ड्सचं ते बटण सगळ्या स्टेजना एकदमच लागतं, एकीला चालू एकीला बंद असं नाही होत. पण रूलसेट वेगवेगळे सेव्ह करता येतात, एक पैजेचा एक शनिवारचा, आणि मॅच लावताना तेवढा निवडायचा. नाहीतर हॅझर्ड्स चालूच ठेवा आणि रँडम स्टेजच्या यादीतून वारिओवेअरवरची खूण काढा, मग ती आपोआप येणारच नाही आणि स्टेडियम बदलत राहील. ते करताय तर गेमर नावाची स्टेज चालू ठेवा, ती पण वारिओवेअरच्याच घरातली आहे, नाइन-व्होल्ट नावाचा पोरगा रात्री चोरून गेम खेळतोय आणि त्याची आई मध्येच डोकावते, तिच्या नजरेस पडलात की डॅमेज. हॉस्टेलवाल्यांना रेक्टरची आठवण येईल.

जॉय-कॉनवाल्यांना कंट्रोल्सच्या सेटिंगमध्ये आपापल्या नावाने बटणं बदलता येतात, टाँट जिथे अंगठा पोचतो तिथे लावून घ्या म्हणावं.

नागपूरचा_संत्रा

टाँटचं बटण लावून दिलं की ते दोघं दार उघडायच्या आधीपासूनच टाँट करत बसतील बे, आमच्याकडे हेच झालं. शनिवारी समोसे जास्त आणा.