शब्दचर्चा : 'एम्बेड' केलेला व्हिडिओ नेमका असतो कुठे?

माहुली (सातारा)

आमच्या तालुक्यातील शिक्षकांसाठी सादरीकरणे, दस्तऐवज आणि व्हिडिओ ऑनलाइन एकमेकांना कसे द्यावेत, यावर सोळा पानांची मार्गदर्शिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. या साधनांत सोयी पुष्कळ झाल्या आहेत. एकाच स्लाइडसंचावर तिघाचौघांना एका वेळी काम करता येते, कुणाला नुसते पाहण्याची तर कुणाला बदल करण्याची मुभा देता येते, स्लाइडमध्येच व्हिडिओ चालवता येतो आणि संपूर्ण सादरीकरण शाळेच्या संकेतस्थळावर लावता येते. हे सारे समोर बसवून दाखवायला दहा मिनिटे लागतात. लिहायला बसलो, की प्रत्येक ओळीत एक शब्द आडवा येतो.

स्लाइडवर किंवा पानावर व्हिडिओ बसवण्याला इंग्रजीत 'एम्बेड' म्हणतात. त्यासाठी मी पहिल्या मसुद्यात 'अंतःस्थापित करणे' असे लिहिले होते. तो मसुदा वाचून जावळी खोऱ्यातल्या एका शाळेतील शिक्षिकेने साताऱ्यात घरी बसून पचनसंस्थेच्या धड्याचा स्लाइडसंच तयार केला, त्यात यूट्यूबवरचा व्हिडिओ घातला, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि सोमवारी ती शाळेत नेली. शाळेत मोबाइलला रेंज नाही. सातव्या स्लाइडवर काळा चौकोन आणि त्याच्या मधोमध बाण, एवढेच दिसले. बाणावर पुन्हा पुन्हा क्लिक करूनही काही हलले नाही आणि मुले पडद्याकडे बघत बसून राहिली. पुढच्या शिक्षण परिषदेत त्या मला म्हणाल्या, "सर, व्हिडिओ आत स्थापित होतो असं तुम्हीच लिहिलं होतं. आत होता, तर मग गेला कुठं?"

त्यांच्या या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण चूक त्यांची नव्हती, माझ्या शब्दाची होती. 'एम्बेड'साठी असा मराठी शब्द हवा आहे, जो वाचून वस्तू कुठे आहे हे कळेल. मसुदा छपाईला जाण्यापूर्वी आपली मते कळवावीत, ही विनंती.

वाईकर

'अंतःस्थापित' या शब्दाला एवढ्या लवकर दोषी ठरवू नये, असे मला वाटते. पारिभाषिक शब्द पहिल्या वाचनात कळलाच पाहिजे, ही अपेक्षा आपण फक्त मराठी शब्दांकडून करतो. इंग्रजी शब्दाकडून कधीच करत नाही. त्या शिक्षिकाताईंनी मूळ इंग्रजी मदतपान वाचले असते, तर 'एम्बेड' या शब्दावरून तरी त्यांना इंटरनेट लागते हे कळले असते का?

मी वाईचा आहे आणि विश्वकोशाचे काम आमच्या गावात चालले, याचा मला अभिमान आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पण त्याच्याही आधी, १९७३ साली, परिभाषा संग्रह प्रसिद्ध झाला. आधी शब्द ठरवले आणि मग लेख छापले. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यामागेही हीच दृष्टी होती. शब्द घडवावा लागतो, मग तो वापरून वापरून लोकांच्या अंगवळणी पडतो. 'अंतःस्थापित' जड वाटत असेल, तर 'अंतर्निविष्ट' घ्यावा. पण संस्कृतचा पाया सोडू नये.

बागाईतदार (तासगाव)

वाईकर सरांविषयी आदर बाळगूनच लिहितो, की 'अंतर्निविष्ट' हा शब्द मी तीन वेळा वाचला आणि तिसऱ्यांदा कुठे नीट उच्चारता आला.

आमच्याकडे यासाठी रोजच्या कामातला शब्द आहे आणि तो म्हणजे कलम. डॉगरिज जातीच्या द्राक्षवेलीच्या खुंटावर थॉम्पसन जातीची काडी पाचर मारून बांधतात. मूळ एकाचे, फळ दुसऱ्याचे, आणि बघणाऱ्याला वेल एकच दिसते. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरचा व्हिडिओ आपल्या पानावर आणून बसवणे म्हणजे याहून वेगळे काय आहे? 'व्हिडिओ कलम करा' असे लिहिले, तर आमच्या भागातील एकाही शिक्षकाला ते समजावून सांगावे लागणार नाही.

मिरजेची

बागाईतदार दादा, शब्द गोड आहे; पण 'कलम' म्हटले की शिक्षकाला आधी कायद्याचे कलम आठवते. लेखणीचा अर्थ तर आहेच.

मी 'जडवणे' सुचवते. माझे बालपण मिरजेत तंतुवाद्ये घडवणाऱ्यांच्या शेजारात गेले. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर आणि दांडीवर वेलबुट्टी करताना कारागीर आधी लाकडात खाच कोरतो, मग पांढऱ्या सेल्युलॉइडचा पानाच्या आकाराचा तुकडा त्या खाचेत धरून पाहतो, कडेने किंचित घासतो, पुन्हा धरतो. असे पाच-सहा वेळा केल्यावर तो तुकडा असा बसतो, की वरून बोट फिरवले तर सांधा लागत नाही. स्लाइडच्या मापात व्हिडिओ नेमका बसलेला पाहिला, की मला तेच आठवते. जडवणे, जडाव, जडलेला व्हिडिओ : क्रियापद, नाम, विशेषण अशी तिन्ही रूपे सहज होतात, आणि मला वाटते, ही मोठीच सोय आहे.

माहुली

मिरजेच्या ताई, शब्द मला मनापासून आवडला. परंतु माझी अडचण त्याने तशीच राहते. जडवलेला तुकडा तानपुऱ्याबरोबर गावोगाव जातो. आमचा व्हिडिओ पेनड्राइव्हबरोबर गेला नाही, हेच तर दुखणे आहे. कलमाबाबतही मला तेच वाटते. काडी खुंटावर बांधली, की तिचा मूळ वेलीशी संबंध संपतो. यूट्यूबच्या व्हिडिओचा मूळ ठिकाणाशी संबंध कधीच संपत नाही. तो ज्याने टाकला त्याने काढून टाकला किंवा दुसऱ्यांच्या पानावर चालवण्याची मुभा बंद केली, तर आपल्या स्लाइडवर त्याच क्षणी काळा चौकोन येतो.

बागाईतदार (तासगाव)

तर मग भेटकलम म्हणावे. आंब्याच्या भेटकलमात पिशवीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीजवळ नेतात, दोन्हींची साल तासून एकत्र बांधतात आणि जोड एकजीव होईपर्यंत फांदी झाडापासून तोडत नाहीत. तोपर्यंत तिचे पोषण मूळ झाडच करते. तुमचा व्हिडिओ हा कधीच न तोडलेला भेटकलम आहे.

प्रूफवाचक (सांगली)

उपमा सुंदर आहे. पण अडचण उपमेने सुटणारी नाही, कारण घोटाळा मुळात इंग्रजीतच आहे आणि आपण तो मराठीत ओढून आणत आहोत.

'एम्बेड' हा एक शब्द दोन उलट गोष्टींसाठी वापरला जातो. मायक्रोसॉफ्टने १९९०च्या सुमारास एका दस्तऐवजात दुसरा दस्तऐवज ठेवण्याची जी पद्धत आणली, तिच्या नावातच 'लिंक' आणि 'एम्बेड' असे दोन शब्द समोरासमोर होते. तिथे 'एम्बेड' म्हणजे वस्तू खरोखर फाइलच्या पोटात घालणे, आणि 'लिंक' म्हणजे ती बाहेर ठेवून नुसता पत्ता लिहिणे. संकेतस्थळांच्या जगात मात्र 'एम्बेड' करताना आपण बहुधा आयफ्रेम नावाच्या कोडची एक ओळ चिकटवतो. ती ओळ पानावर एक चौकट उघडते आणि चौकटीतले चित्र प्रत्येक वेळी मूळ ठिकाणाहून येते. ही आयफ्रेम १९९७च्या एचटीएमएल ४.० या वेबपाने लिहिण्याच्या मानकात आली. म्हणजे पहिल्या अर्थाने ज्याला 'लिंक' म्हटले असते, त्यालाच दुसऱ्या अर्थाने 'एम्बेड' म्हणतात.

पॉवरपॉइंटमध्ये तर दोन्ही अर्थ एकाच मेनूत शेजारी शेजारी नांदतात. २००७च्या आवृत्तीपर्यंत आपल्याच संगणकावरचा व्हिडिओ घातला, तरी तो फाइलच्या बाहेर राहत असे, आणि पेनड्राइव्हवर दोन्ही फाइली घ्याव्या लागत. मी त्या काळात कितीतरी वक्त्यांना ऐन व्यासपीठावर खोळंबलेले पाहिले आहे. २०१०पासून संगणकावरचा व्हिडिओ आपोआप फाइलच्या आत साठवला जाऊ लागला आणि त्यामुळे फाइलीचा आकारही वाढला. पण ऑनलाइन व्हिडिओ आजही बाहेरच राहतो. त्या शिक्षिकाताईंनी आपल्या फाइलीचा आकार पाहिला असता, तर व्हिडिओ आत नाही हे त्यांना कळले असते.

म्हणून माझे मत असे, की मराठीत दोन शब्द करावेत. कोनाडा आणि खिडकी या दोन्ही जागा भिंतीतच असतात. पण कोनाड्यातली समई घरातली असते, आणि खिडकीतून दिसणारा अजिंक्यतारा घरातला नसतो. जे फाइलच्या आत जाते, त्याला 'साठवलेला व्हिडिओ' म्हणावे. जे बाहेरून दिसते, त्याला 'खिडकीतला व्हिडिओ' म्हणावे.

वाईकर

प्रूफवाचकांनी केलेला भेद मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना पारिभाषिक शब्दाचे काम असा भेद दाखवणे हेच असते. पण मग त्यासाठी 'अंतःस्थापित' आणि 'बहिःस्थापित' अशी सरळ जोडी तयार आहे. 'खिडकीतला व्हिडिओ' शासकीय पत्रात शोभणार नाही.

मिरजेची

शासकीय पत्रात काय शोभते, यापेक्षा केंद्रशाळेत काय कळते, याला अधिक महत्त्व आहे. शिवाय संगणकाच्या पडद्यावरील 'विंडो'लाही आपण खिडकीच म्हणत आलो आहोत. मग खिडकीत पुन्हा खिडकी होईल. त्यापेक्षा 'चौकट' बरी.

आणि सर, मार्गदर्शिकेत 'शेअर'साठी आपण काय लिहिले आहे? मला तो प्रश्न याहून अवघड वाटतो.

माहुली

'सामायिक करा' असे लिहिले आहे. मोबाइलवरही मी तसेच पाहिले आहे.

बागाईतदार (तासगाव)

सर, तो शब्द मात्र कृपा करून काढावा. आमच्याकडे 'सामाईक' हा शब्द सातबाऱ्यावर असतो. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक क्षेत्र. सामाईक म्हणजे ज्यावर दोघांचा मालकी हक्क आहे आणि ज्यापायी दोघे कोर्टात उभे आहेत. माझ्या वडिलांना मी मोबाइलवर द्राक्षाच्या फवारणीचे वेळापत्रक पाठवायला सांगितले, तेव्हा 'सामायिक करा' हे वाचून त्यांनी बोट मागे घेतले आणि विचारले, "हे केलं तर वेळापत्रक त्याच्याही नावावर होईल काय?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. बदल करण्याची मुभा दिली, तर दुसरा माणूस त्यात खाडाखोड करू शकतो. नुसती पाहण्याची दिली, तर करू शकत नाही. 'सामायिक' या शब्दात हा फरक राहत नाही.

मिरजेची

आणि 'शेअर' तसाच ठेवला, तर सांगली जिल्ह्यात 'शेअर' म्हणजे कारखान्याचा. "तुमचा शेअर आहे का?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे सवलतीच्या साखरेवरून देतात. 'वाटणे' म्हटले तर वाटून घेतल्यावर आपल्याकडचे कमी होते. फाइल कमी होत नाही. मी वर्गात सरळ 'पाठवणे' म्हणते.

प्रूफवाचक (सांगली)

ताई, 'पाठवणे' म्हटले, की प्रत गेली असा अर्थ होतो. दुवा, म्हणजे लिंक, दिल्यावर प्रत जात नाही. मूळ दस्तऐवज एकच राहतो आणि आपण रात्री त्यात दुरुस्ती केली, तर समोरच्याला सकाळी दुरुस्त केलेलेच दिसते. म्हणून 'पाहू देणे', 'शेरा लिहू देणे' आणि 'बदलू देणे' अशी तीन क्रियापदे मी वापरतो. 'टिप्पणी' यापेक्षा 'शेरा' हा शब्द आपल्या कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो नेमका तेच सांगतो, की मूळ मजकुराला हात न लावता समासात लिहिलेले मत.

वाईकर

'शेरा' फारसी वळणाचा आहे. आपण ज्या साताऱ्याच्या परिसरात बसून हे लिहीत आहोत, तिथे मराठ्यांची राजधानी होती, याचे भान शब्द निवडताना असावे.

प्रूफवाचक (सांगली)

वाईकर सर, त्याच राजधानीच्या दप्तरात हुजूर, दाखला, रवाना, तपशील हे शब्द ओळीओळीला आहेत, आणि त्यामुळे ते कागद कमी मराठी ठरत नाहीत. आपण ज्या 'सादरीकरण' शब्दाला शुद्ध मानून चालला आहात, त्यातला 'सादर' तरी कुठला आहे? 'सादर प्रणाम' यातला सादर संस्कृत आहे, हे खरे. पण 'अहवाल सादर करणे', 'अर्ज सादर करणे' यातला सादर मला अरबी 'सादिर' वाटतो. त्याचेच भावंड आपल्या शाळांच्या हिशेबात आजही आहे : सादिलवार खर्च.

माहुली

हे मला नवे आहे. दरवर्षी खडू आणि हजेरीपटासाठी आम्ही सादिलचे पैसे खर्च करतो. पण हा शब्द 'सादर'च्या घरचा असेल, असे कधी मनात आले नव्हते.

वाईकर

ही व्युत्पत्ती मला पटत नाही. आदराने पुढे ठेवणे, हा अर्थ 'सादर करणे' यात स्वच्छ दिसतो आणि त्यासाठी अरबस्तानात जाण्याचे कारण नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत नाटक उभे केले, त्या परंपरेतला कलावंत कला 'सादर' करतो, तेव्हा तो रसिकांपुढे आदरानेच ठेवत असतो.

प्रूफवाचक (सांगली)

नाटकवाले त्याला 'प्रयोग' म्हणतात, सर. 'सादर' तिथेही कचेरीतूनच आला असावा. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश माझ्या कपाटात आहे. उद्या पाहून सविस्तर लिहितो.

माहुली

आपण सर्वांनी वेळ दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. मसुदा शुक्रवारी छपाईला जायचा आहे, त्यामुळे तूर्त शब्दाची जागा मी मोकळी ठेवली आहे आणि त्या पानावर चौकटीत एवढेच लिहिले आहे : 'यूट्यूबवरून घातलेला व्हिडिओ फाइलच्या आत येत नाही. शाळेत इंटरनेट नसेल, तर तो चालणार नाही. अशा वेळी ज्या व्हिडिओची फाइल आपल्याकडे आहे, तोच संगणकावरून घालावा आणि फाइलीचा आकार वाढला का, ते पाहून घ्यावे.' जावळीच्या शिक्षिकाताईंना ते वाचून दाखवले. त्यांनी दोनदा ऐकले आणि 'आता कळलं' म्हणाल्या.

मथळ्यात मात्र एक शब्द लागेलच. चौकट, खिडकी, भेटकलम यांपैकी कोणता घ्यावा, हे गुरुवारपर्यंत कळवावे.

मिरजेची

चौकट. पण सर, त्या मजकुरात आपण 'व्हिडिओ' ऱ्हस्व लिहिला आहे. आमच्या शाळेतील छापील पत्रकांत 'व्हिडीओ' असा दीर्घ आहे. यातले कोणते बरोबर धरायचे?

वाईकर

'चित्रफीत' लिहावे, म्हणजे तो प्रश्नच उरणार नाही.

बागाईतदार (तासगाव)

फीत तर आता कुठेच राहिली नाही, सर.