६०० मधून २०% वजा केले तर उत्तर चूक का येतं?

आईचा_गृहपाठ:
लेक आठवीत आहे. ३६० चे २५% किती असं सरळ विचारलं की लगेच ९० सांगते, पण काल दोघी अडकलो. एका संख्येत २०% वाढ केली तर ६०० झाली, मूळ संख्या कोणती? तिने ६०० चे २०% म्हणजे १२० काढले आणि वजा करून ४८० लिहून मोकळी. मागे उत्तर ५०० दिलंय. ती म्हणते, जेवढं वाढवलं तेवढंच कमी केलं ना मी, मग? आणि खरं सांगू, मलाही धड सांगता येईना. सूत्र नको प्लीज, ते पाठ करेल आणि पेपरात विसरेल.

खडू_फळा:
आधी ताळा करायला लावा. ४८० चे २०% म्हणजे ९६, मिळवले की ५७६ होतात, ६०० नाही. मग एकच विचारायचं, २०% कशाचे? वाढ झाली मूळ संख्येच्या २०% आणि ती वजा करतेय ६०० चे. मी शिकवण्या घेतो, शेकडेवारीत पोरं हमखास इथेच आपटतात.

आडवी_उभी:
कागदावर चौकोन काढा. २०% म्हणजे पाचवा भाग, म्हणून मूळ संख्येचे ५ चौकोन आणि वाढीचा सहावा शेजारी चिकटवायचा. सहा मिळून ६००, म्हणजे एक १०० चा, मूळ ५००. गंमत बघा, जाताना पाचवा हिस्सा मिळवला पण परत येताना सहावा काढावा लागतो.

रिकामटेकडा:
थोडं अवांतर, २५ चे ४८% विचारले तर सरळ ४८ चे २५% काढा, १२. गुणाकार तोच, शंभराने भागणंही तेच. मला हे कळलं तेव्हा शाळा सुटून जमाना झाला होता.

खडू_फळा:
युक्ती भारीये, पण एवढ्यात तिला सांगू नका हो. "कशाचे" हाच घोळ निस्तरायचाय अजून.

आईचा_गृहपाठ:
चौकोनांनी काम झालं! तिने स्वतःच गणित बनवलं, २५% कमी करून ४५० उरले. चार चौकोन काढले, एक खोडला, तीन म्हणजे ४५०, मूळ ६००. आणि आता मलाच विचारतेय, १७% असले तर किती चौकोन काढू??

आडवी_उभी:
शंभर 😄 काढायचे नाहीत, नुसते मनात धरायचे. १७% वाढून ७०२ झाले तर ११७ चौकोन म्हणजे ७०२, एक ६ चा, मूळचे शंभर म्हणजे ६००.