मदत हवी आहे: आजोबांचे चांदीचे रुपये मोडीच्या भावाने द्यावेत का?

गोदाकाठ: आजोबांच्या पेटीत जुने रुपये निघाले आहेत. सराफ बाजारातील एका पेढीने सर्वांना सरसकट मोडीचा भाव लावला आणि वर वितळवताना होणारी घटही धरली. दुसरीकडे, जाहिरात पाहून संपर्क साधलेला एक गृहस्थ एकाच नाण्याचे काही लाख देण्यास तयार आहे, मात्र त्याआधी नोंदणी शुल्क भरावे, असे म्हणतो. शनिवारपर्यंत निर्णय घ्यायचा असल्याने कोणाला द्यावेत, एवढेच सांगावे.

टांकसाळ: एवढ्यावरून कोणीही काहीही सांगू शकणार नाही. छाप कोणाची, साल कोणते, वजन किती?

पंचवटीकर: आधी शुल्क भरणे थांबवा. खरेदीदार विकणाऱ्याकडून पैसे मागत नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे शुल्क उकळले जात असल्याबद्दल खुद्द बँकेनेच 2021 मध्ये जनतेला सावध केले होते.

चांदीवाला: चिंच आणि मीठ लावून घासा, मग दाखवा. चकाकी आली की भाव वाढतो.

टांकसाळ: कृपया असे काहीही करू नका. घासलेल्या नाण्यावरचे बारीक ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात आणि संग्राहक ते नाणे बाजूला सारतो. मग खरोखरच मोडीचा भाव उरतो.

चांदीवाला: आमच्याकडे दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाची नाणी अशीच उजळतात, काही बिघडत नाही.

टांकसाळ: पूजेची नाणी विकायची नसतात.

सिन्नरी: शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते, त्यामुळे परदेशातील ग्राहकाला पाठवण्याचा विचारही करू नका.

गोदाकाठ: परदेशाचा विषयच नाही. काही नाणी राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची, 1862 ची, दोन 1911 ची, एक 1945 चे आणि एक 1947 चे आहे. शेवटचे चुंबकाला चिकटते, म्हणजे ते खोटे आहे का?

टांकसाळ: खोटे नाही. 1947 चा वाघाचा रुपया निकेलचा असल्याने तो चिकटणारच, पण त्यात चांदी मुळीच नाही. 1945 च्या रुपयात निम्मीच चांदी असते. 1862 आणि 1911 चा रुपया मात्र एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा असून त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी असते. झीज झाली असल्यास वजन थोडे कमी भरेल. यावरून सरसकट भाव किती चुकीचा आहे, ते लक्षात येईल. 1862 हेच साल पुढे अनेक वर्षे छापले जात राहिले, त्यामुळे मागील बाजूच्या ठिपक्यांवरून त्यांचे प्रकार ओळखतात. काही प्रकार अगदी सामान्य आहेत. 1911 ची नाणी मात्र घाईने देऊ नका. त्यांवरील राजाच्या वस्त्रावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाल्याने ती परत घेण्यात आली आणि पुष्कळशी वितळवली गेली.

पंचवटीकर: त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे. तेथील नाणी एकदा पाहिल्यास नजर तयार होईल.

सिन्नरी: नजर शनिवारपर्यंत तयार होत नाही. लिलावात द्यावीत.

पंचवटीकर: लिलावात दलाली कापली जाते आणि पैसे हाती येण्यास वेळ लागतो, सामान्य राणीछापासाठी ते परवडत नाही.

गोदाकाठ: छायाचित्रे उद्या टाकतो. तो नोंदणीवाला मात्र सकाळपासून सारखा फोन करीत आहे.

टांकसाळ: त्याचा फोन घेऊ नका. दोन्ही बाजू आणि किनार टिपा, आणि 1911 च्या नाण्यावरील हत्तीची सोंड स्पष्ट दिसू द्या.