धंद्यासाठी इंटरनेटवरचा नंबर: शहाणपण की नसती उठाठेव?

पाटावरवंटा: घरून मसाले, डबे, शिवणकाम करणाऱ्या बायकांनी स्वतःचा मोबाइल नंबर पाकिटावर छापणं बंद करावं. रात्री अकराला "गोडा मसाला अर्धा किलो आहे का?" आणि लगेच पुढचा मेसेज, "डीपी छान आहे." घरात फायबर असेल तर त्यासोबत इंटरनेटवर चालणारा लँडलाइन नंबर बहुतेकदा फुकटच मिळतो, तो वापरा. कंपनीचं अ‍ॅप टाकलं की घरच्या वायफायवर ०२० चा कॉल मोबाइलवर वाजतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसलाही तो चालतो. नंबरच्या खात्रीचा कोड मेसेजऐवजी कॉलवर मागवायचा. आठ वाजले की अ‍ॅप बंद.

दोनसिमवाला: ताई, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? फोनला दुसऱ्या सिमची जागा असतेच. माणशी ९ सिम घेता येतात. एक धंद्याला ठेवा, रात्री बंद करा. लँडलाइनवर यूपीआय सुरू होत नाही, कारण अ‍ॅप त्या नंबरच्या सिमवरूनच एसएमएस पाठवून खात्री करतं. म्हणजे पैसे घेताना पुन्हा घरचाच नंबर चव्हाट्यावर.

पाटावरवंटा: यूपीआय आयडीत मोबाइल नंबर असलाच पाहिजे असं कुठे आहे? वेगळा आयडी घ्या, क्यूआर छापा. आणि तुमच्या दुसऱ्या सिमचं रिचार्ज कोण भरणार? आता नुसतं इनकमिंगही फुकट राहिलेलं नाही.

न्यूजर्सीकर: मी इथे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी गूगल व्हॉइसवर घेते. वेगळा नंबर, पैसे शून्य. तुम्ही एवढं का भांडताय?

दोनसिमवाला: कारण वैयक्तिक खात्याला ते फक्त अमेरिकेत मिळतं, वहिनी. इथे +१ चा कॉल आला की लोक आधी फ्रॉडच समजतात.

माजी लाइनमन: विजेचं कुणीच बोलत नाही. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून यायची. घरात अंधार असला तरी डायलटोन असायचा. फायबरचा डबा घरच्या विजेवर. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीला लाइट गेली की धंदा मुका. राउटरला छोटा यूपीएस लावा, मग बोला. आणि हे काही नवीन नाही. बीएसएनएलने २०१८ मध्येच विंग्ज नावाची इंटरनेटवरून फोनची सेवा आणली होती: वर्षाला १०९९ रुपये, सिम नको, कुठलंही इंटरनेट चालेल. इथल्या कितीजणांनी घेतली?

पाटावरवंटा: काका, यूपीएसचा मुद्दा मान्य. पण विंग्जची जाहिरात तरी कुणाला दिसली होती?

डबेवाली_कोथरूड: मी लँडलाइन वापरते. येणारे कॉल झकास. रडगाणं आहे ते आपण केलेल्या कॉलचं. ०२० दिसलं की लोक कर्ज विकणारा समजून कट करतात. डबा घेऊन पोरगा खाली उभा आणि वरचे साहेब फोन उचलत नाहीत.

पाटावरवंटा: फोन कशाला? "डबा निघाला" असं व्हॉट्सअ‍ॅप टाका.

डबेवाली_कोथरूड: माझी निम्मी गिऱ्हाइकं सत्तरीपुढची आहेत. साधा बटणांचा फोन. त्यांना मी शेवटी स्वतःच्याच मोबाइलवरून फोन लावते.

दोनसिमवाला: हेच तर मी मघापासून सांगतोय!