उजेड कशावर पडतो?

वर्मीर (सतराव्या शतकातला डच चित्रकार) आणि हामरशोई (१९००च्या आसपासचा डॅनिश चित्रकार) दोघांनीही घरातल्या खोल्या रंगवल्या. 'वर्मीरच्या खोल्या शांत वाटतात कारण उजेड मऊ, आणि हामरशोईच्या उदास वाटतात कारण रंग करडे' असं कुणी म्हणतं, ते मला अर्धंच पटतं. उजेड दोघांकडेही बहुतेक वेळा एका बाजूच्या खिडकीतूनच येतो. फरक पडतो तो उजेड कशावर पडतो त्याने.

वर्मीरची दूध ओतणारी बाई (साधारण १६६०) मोठी करून बघा. मागची भिंत नुसती पांढरी नाही. तिच्यावर खिळ्यांची भोकं आहेत, एका खिळ्याची सावलीसुद्धा रंगवलीय. पावावर उजेडाचे ठिपके. आणि बाईच्या उजव्या कडेने (म्हणजे आपल्या उजवीकडे) एक बारीक पांढरट रेघ ओढलीय. खऱ्या खोलीत अशी रेघ दिसायची नाही, पण तिच्यामुळेच बाई भिंतीपासून सुटून पुढे येते. हा चक्क लबाडपणा आहे, आणि तो फार सुंदर आहे!

हामरशोईच्या १९००च्या धूलिकणांच्या चित्रात माणूस नाही, सामान नाही. तिरपे कवडसे येतात, रिकाम्या जमिनीवर तावदानांचे चौकोन उमटतात, बस. शेजारच्या दाराला मूठही दिसत नाही. ऊन भरपूर आहे, तरी करमत नाही, कारण त्या उन्हाला उजळायला काही नाहीच.

अशा खोल्यांबद्दल बोलताना पीटर डी होखचं (वर्मीरच्याच काळातला डच चित्रकार) नाव कसं विसरायचं? त्याच्या कितीतरी चित्रांत पुढची खोली अंधारलेली आणि मागच्या दारातून अंगण लख्ख. घर कोंदट वाटत नाही ते त्यामुळे. चेहरे मात्र बेतास बात.