पायाच्या अंगठ्यापासून मेंदूपर्यंत एकच चेतापेशी असते का?

सायंतारा

मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि चेतासंस्थेची रचना शिकताना एका मुद्द्यावर अडले आहे. पुस्तकातील चेतापेशीच्या आकृतीत एका बाजूला फांद्यांसारख्या वृक्षिका, त्यांना लागून पेशीकाय (केंद्रक असलेला पेशीचा मुख्य भाग) आणि तेथून निघणारा लांब अक्षतंतू दाखवलेला असतो. हीच आकृती पायाच्या अंगठ्याच्या स्पर्शाला लावून पाहिली, तर पेशीकाय नेमका कुठे मानायचा? अंगठ्यात, मेरुरज्जूत की वाटेत कुठेतरी?

दुसरा प्रश्न यालाच लागून आहे. हातापायातील चेता तुटली तर तिचे तंतू पुन्हा वाढू शकतात, परंतु मेरुरज्जूतील तंतू तुटले तर ते वाढत नाहीत, असे आम्हाला शिकवले गेले. दोन्हीकडच्या चेतापेशी मुळातच निराळ्या प्रकारच्या असतात का? पाठांतरापुरते उत्तर मला मिळाले आहे, पण कारण समजून घ्यायचे आहे.

पेशीजाल

तुमचे दोन्ही प्रश्न एकाच पेशीपाशी येऊन मिळतात, त्यामुळे आधी तिची जागा निश्चित करू.

पुस्तकातील आकृती बहुतेक वेळा प्रेरक चेतापेशीची, म्हणजे स्नायूला आदेश नेणाऱ्या पेशीची असते. तिचा पेशीकाय मेरुरज्जूच्या आत, करड्या भागाच्या पुढील शृंगात असतो आणि अक्षतंतू तेथून बाहेर पडून थेट स्नायूपर्यंत जातो. स्पर्श नेणाऱ्या संवेदी पेशीची घडण वेगळी आहे. तिच्या गोल पेशीकायापासून एकच आखूड देठ निघतो आणि थोड्या अंतरावर त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा त्वचेकडे जातो, तर दुसरा मेरुरज्जूकडे. म्हणूनच तिला आभासी एकध्रुवीय पेशी म्हणतात. तिचा पेशीकाय अंगठ्यातही नसतो आणि मेरुरज्जूतही नसतो. तो मेरुरज्जूच्या बाहेर, दोन मणक्यांच्या मधल्या छिद्रापाशी, डॉर्सल रूट गँग्लिऑन नावाच्या लहानशा गाठीत असतो. अंगठ्यासाठी ही गाठ मुख्यतः कमरेच्या पाचव्या चेतेची असते.

आता त्या पेशीची लांबी पाहा. प्रौढ माणसात मेरुरज्जू पाठीच्या कण्याइतका लांब नसतो. तो साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीला संपतो. त्यामुळे गाठीतून निघालेला आतला फाटा आधी कॉडा इक्वायना या चेतामुळांच्या झुबक्यातून वर चढतो, मेरुरज्जूत शिरतो आणि पश्च स्तंभातून, कुठेही पेशी न बदलता, मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील ग्रॅसाइल केंद्रक या चेतापेशींच्या समूहापर्यंत पोहोचतो. पहिले संपर्कस्थान, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जाण्याची जागा, तेथे आहे. तेथून दुसरी पेशी मध्यरेषा ओलांडून मेंदूच्या आतील थॅलॅमस या भागापर्यंत जाते आणि तिसरी पेशी प्रमस्तिष्काच्या बाह्यकापर्यंत. म्हणजे अंगठ्यापासून लंबमज्जेपर्यंत एकच पेशी असते, आणि उंच माणसात तिची लांबी दीड मीटरच्या आसपास भरते. पेशीकायाचा व्यास मात्र एक मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असतो.

महाविद्यालयात या गाठीचा छेद उपलब्ध असेल तर तो सूक्ष्मदर्शकाखाली जरूर पाहा. मोठे, गोल पेशीकाय, मधोमध फिकट केंद्रक, त्यात ठळक केंद्रिका आणि प्रत्येक पेशीकायाभोवती चपट्या सॅटेलाइट पेशींचे कडे, असे दृश्य दिसते. वृक्षिका शोधल्या तरी सापडत नाहीत. या पेशींवर संपर्कस्थानेही जवळजवळ नसतात, ही माहिती एकदा दृश्याशी जोडली गेली की पुन्हा विसरत नाही.

वेगरेषा

वरील उत्तरात एक महत्त्वाची भर घालावी लागेल. लंबमज्जेपर्यंत थेट जाणाऱ्या पेशी सूक्ष्म स्पर्श, कंपन आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव यांच्या असतात. वेदना आणि तापमान नेणाऱ्या पेशींचे पेशीकायही त्याच गाठीत असतात, परंतु त्यांचा आतला फाटा मेरुरज्जूत शिरल्यावर जवळच, मागील शृंगात, संपतो. पुढची पेशी तेथेच बाजू बदलून वर जाते. मेरुरज्जूची एकच बाजू दुखावली असता जखमेच्या बाजूची स्पर्शाची जाण आणि विरुद्ध बाजूची वेदनेची जाण जाते, त्याचे कारण हेच आहे.

वेगातही मोठा फरक आहे. स्पर्शाच्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे जाड वेष्टन असते आणि त्यांच्यातून संदेश सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर वेगाने जातो. संथ, रेंगाळणारी वेदना नेणाऱ्या तंतूंवर मायलिन नसते आणि त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढाच असतो. ठेच लागल्यावर आघात तत्क्षणी जाणवतो आणि खरी कळ क्षणभराने येते, हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. मीटरभराचे अंतर कापायला पहिल्या संदेशाला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो, तर दुसऱ्याला जवळजवळ पूर्ण सेकंद लागू शकतो.

अंतर्वेष्टन

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते संपूर्ण विषयातील सर्वांत विचार करायला लावणारा भाग तोच आहे. अंगठ्याच्या ज्या पेशीचे वर्णन झाले, तिचा बाहेरचा फाटा पायात तुटला तर तो पुन्हा वाढू शकतो. तिचाच आतला फाटा मेरुरज्जूत तुटला तर तो वाढत नाही. पेशी एक, केंद्रक एक, जनुके तीच. तेव्हा केवळ पेशीचा प्रकार वेगळा असल्याने हा फरक पडतो, असे म्हणता येणार नाही. उत्तर बऱ्याच अंशी तंतूच्या शेजाऱ्यांमध्ये, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींमध्ये शोधावे लागते.

परिघीय, म्हणजे मेंदू आणि मेरुरज्जूच्या बाहेरच्या, चेतांमध्ये मायलिन तयार करण्याचे काम श्वान पेशी (श्वान या शास्त्रज्ञाच्या नावावरून) करतात. एक श्वान पेशी एकाच अक्षतंतूच्या एकाच टप्प्याभोवती गुंडाळलेली असते. मेंदू आणि मेरुरज्जूत हे काम ऑलिगोडेंड्रोसाइट करतात आणि त्यांपैकी प्रत्येक पेशी अनेक तंतूंवर वेष्टने चढवते. परिघीय तंतू तुटला की तुटक्याच्या पलीकडचा, पेशीकायापासून दुरावलेला भाग मरतो. वॉलर या शास्त्रज्ञांनी १८५० मध्ये याचे वर्णन केले होते. श्वान पेशी मात्र मरत नाहीत. त्या मायलिन टाकून देतात, भक्षक पेशींच्या मदतीने अवशेष साफ करतात, संख्येने वाढतात, तंतूभोवती असलेल्या जुन्या नळीसारख्या आवरणाच्या आत रांगेने उभ्या राहतात आणि वाढीला पोषक द्रव्ये स्रवतात. नवा अंकुर त्या रांगेच्या आधाराने दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतो. रुग्णाला धीर धरायला सांगताना हा आकडा तुम्हाला नेहमी उपयोगी पडेल. चेता केवळ चिरडली गेली असेल आणि आतील नळ्या शाबूत असतील, तर तंतू आपापल्या जागी परतण्याची शक्यता चांगली असते. ती पूर्ण कापली गेली असेल, तर टोके शिवल्यानंतरही बरेच तंतू भलत्याच नळीत शिरतात.

मेरुरज्जूत यातले जवळजवळ काहीच घडत नाही. मायलिनचे अवशेष दीर्घकाळ तेथेच पडून राहतात आणि त्यांतील नोगो-ए यांसारखी प्रथिने अंकुराची वाढ रोखतात. ॲस्ट्रोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या ग्लिया पेशी जखमेभोवती व्रण तयार करतात. या व्रणाला सरसकट शत्रू मानू नये, कारण दाह आजूबाजूच्या निरोगी भागात पसरू न देण्याचे कामही तोच करतो. डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी १९८१ मध्ये उंदरांवर एक प्रयोग केला. परिघीय चेतेचा तुकडा त्यांनी मेरुरज्जू आणि लंबमज्जा यांच्यामध्ये पुलासारखा बसवला, तेव्हा मध्यवर्ती पेशींचे तंतू त्या तुकड्यातून कित्येक सेंटिमीटर वाढले. पुन्हा मध्यवर्ती ऊतीत शिरताच मात्र ते लवकरच थांबले.

तरीही सर्व दोष परिसराला देणे बरोबर होणार नाही. पायातील फाटा तुटला की पेशीकायात वाढीची जनुके जागी होतात. आतला फाटा तुटला तर ती तितकीशी जागी होत नाहीत. प्राण्यांमध्ये बाहेरचा फाटा आधी तोडला, तर नंतर मेरुरज्जूत तुटलेला आतला फाटा काही प्रमाणात वाढतो, असे दिसून आले आहे.

सायंतारा

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आता एक शंका राहते. कॉडा इक्वायना मणक्यांच्या कालव्यात असते, पण ती मेरुरज्जूचा भाग नाही. मग तिच्यातील तंतूंना कोणता नियम लागू होतो?

अंतर्वेष्टन

शंका अगदी योग्य आहे. कॉडा इक्वायना ही मुळांची बनलेली असल्याने तिच्यातील तंतूंवर श्वान पेशींचेच वेष्टन असते. म्हणूनच तेथील इजेत पायांचे स्नायू ढिले पडतात आणि प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात, म्हणजे चित्र परिघीय इजेसारखे दिसते. तेथील प्रेरक तंतूंना वाढण्यासाठी अनुकूल मार्ग मिळतो. अडचण असते ती अंतराची, कारण पावलापर्यंत पोहोचायला जितका काळ लागतो तितक्यात स्नायू क्षीण होऊन जातो. संवेदी मुळांची गोष्ट निराळी आहे. मूळ मेरुरज्जूला मिळते तेथे काही मिलिमीटरच्या आत श्वान पेशींचे मायलिन संपते आणि ऑलिगोडेंड्रोसाइटचे सुरू होते. गाठ आणि मेरुरज्जू यांच्यामध्ये तुटलेला संवेदी तंतू या सीमेपर्यंत वाढत येतो, पण प्रौढ प्राण्यात ती ओलांडून सहसा आत शिरत नाही.