परिषद तिथेच कशाला?

कडूकारले: माणसांचे हक्क चिरडणाऱ्या देशांत परिषदा भरवाव्यात का, या कालच्या धाग्यावर एकाने लिहिलंय, "जायचं, पेपर वाचायचा, परत यायचं. तिथल्या तुरुंगात कोण आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय?" डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. अमेरिका एचआयव्ही असलेल्यांना देशात शिरू देत नव्हती, तेव्हा १९९२ची बॉस्टनला ठरलेली एड्स परिषद ॲमस्टरडॅमला हलवली. ज्यांच्या आजाराची चर्चा, तेच दाराबाहेर, कसं चालेल? बंदी २०१०मध्ये उठली, मगच २०१२ची परिषद वॉशिंग्टनला झाली.

जुनाजाणता: पूर्ण सांगा की! २०१२लाही सेक्स वर्करना अमेरिकेच्या व्हिसाची अडचण होतीच. त्यांनी कोलकात्यात समांतर मेळावा भरवला. आणि तुमच्या चाळणीतून कुठला देश खाली पडेल ते तरी सांगा. पोलंडमध्ये मार्शल लॉ लागला तेव्हा गणितज्ञांनी १९८२ची वॉर्सातली त्यांची जागतिक परिषद वर्षभर पुढे ढकलली, पण घेतली तिथेच.

कडूकारले: आणि रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर त्याच गणितज्ञांनी २०२२ची परिषद सेंट पीटर्सबर्ग सोडून ऑनलाइन घेतली, ते सोयीने विसरलात. त्याच वर्षी इजिप्तमध्ये शर्म अल-शेखला हवामान परिषद सुरू झाली त्या दिवशी तिथल्या तुरुंगात उपोषणाला बसलेला लोकशाहीवादी कार्यकर्ता अला अब्द अल-फत्ताह याने पाणीही सोडलं. सुटायला २०२५ उजाडलं. काय मिळवलं तिथे जाऊन?

जुनाजाणता: परिषद तिथे नसती तर त्याचं नाव तुम्ही ऐकलं असतं? त्याची बहीण तिथे जाऊन जगाच्या कॅमेऱ्यांसमोर बोलली.

पासपोर्टग्रस्त: तत्त्वं राहू द्या, व्हिसाचं बोला. एका नावाजलेल्या लोकशाही देशातली परिषद. पेपर मंजूर, निमंत्रण हातात. बँकेची स्टेटमेंट दिली, बोटांचे ठसे दिले, "परत येणार याचा पुरावा" म्हणून घराची कागदपत्रंसुद्धा दिली. परिषद संपल्यावर नऊ दिवसांनी पासपोर्ट आला, सोबत नकाराचं पत्र. फी बुडाली. माझा पेपर माझ्या गाइडने वाचला, प्रश्नांना उत्तरं चुकीची दिली! पुढच्या वर्षी, तुम्ही ज्याला नाकं मुरडता तशा देशाने दोन दिवसांत ई-व्हिसा दिला.

जुनाजाणता: +१. माझे तर दोनदा पैसे बुडाले. त्या खिडकीमागची बाई...

कडूकारले: खिडकीवर वेगळा धागा काढा ना!

पासपोर्टग्रस्त: का? आत न येऊ देणं हा हक्कांचा प्रश्न नाही? की तुरुंगात टाकलं तरच मोजायचं?

इथेच_बरा: ई-व्हिसा मलाही मिळाला होता, दादा. मी गे आहे. ज्या देशाचा मिळाला तिथे माझं असणं गुन्हा आहे. आयोजकांना विचारलं तर उत्तर आलं, "स्थानिक संस्कृतीचा आदर राखावा." बोटांचे ठसे देऊन रडलात तुम्ही. मी फोनमधले फोटो पुसत बसलो होतो, आणि शेवटी गेलोच नाही.

पासपोर्टग्रस्त: ...हे डोक्यात आलं नव्हतं. पण मग आपण दोघंही घरीच बसलो की.

जुनाजाणता: बरं बाबा, मानलं, जागा ठरवताना विचारायला हवं. पण विचारायचं कुणाला? समितीतल्या सगळ्यांचे पासपोर्ट दणकट असतात.

कडूकारले: चौदा प्रतिसादांचं काम झालं, त्यातलं हे एक वाक्य माझ्या बाजूचं. चालेल.

जुनाजाणता: अकराच आहेत. मोजा.